जागा सांगण्याची वेळ

लुब्लियाना, ११ जून

लाडक्या आत्याला,

तू पाठवलेली रानफुलांच्या सरबताची बाटली न फुटता पोचली. तुझ्या नातीने, टिंकाराने, ती सगळीकडून तपासून घेतली. तिला हल्ली सगळंच तपासायचं असतं. संध्याकाळी मी तिचे कान, मान, काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू बघते. तसंच ती आपल्या अस्वलाचं बघते, मग सशाचं, मग सोफ्यावरच्या उशीचं. गेल्या आठवड्यात मीटर बघायला माणूस आला होता, त्याला म्हणाली, "काका, मोजे काढा, गोचीड असेल." त्याने काढले गं. बिचाऱ्याच्या मोज्याला हे एवढं भोक होतं.

तू विचारतेस मी कशी आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच आहे, कारण फोनवर मी सगळ्यांना 'बरी आहे' असंच सांगते. कागदावर तसं लिहायला हात धजत नाही. शिवाय मोबाइलच्या पडद्याने डोळे दुखतात, पेनाने दुखत नाहीत. डॉक्टर म्हणतात, गोचिडीचे जंतू केव्हाच गेले, दोनदा औषधं झाली, आता मागे राहिलंय ते हळूहळू जाईल. माझ्या गुडघ्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही. तिसरं वर्ष चालू आहे. एखादा दिवस असा उगवतो की मी टिंकाराला अंघोळ घालते, स्वयंपाक करते, वर तिच्याबरोबर नाचतेसुद्धा. मग पुढचे दोन दिवस कंगवा उचलला तरी खांदा भरून येतो. शब्द हरवतात. काल मला 'चाळणी' आठवेना. "ते भोकांचं दे" म्हटलं, तर तिने आपल्या बाबांचा, गाश्परचा मोजा आणून दिला.

आता कामाचं. जुलैमध्ये बालवाडी बंद. गाश्परचा ट्रक सोमवारी जर्मनीला निघतो, तो शुक्रवारी परततो. टिंकाराला दोन आठवडे तुझ्याकडे पाठवू का? अट एकच, जंगलात न्यायचं नाही. तुला हसू येईल. तुमच्याकडे अस्वल परसात येऊन सफरचंदं खाऊन जातं आणि कुणी मान वर करून बघत नाही. पण अस्वल परवडलं, ते दिसतं तरी. मला चावली ती खसखशीएवढी होती. आणि चुकून दिसलीच तर लोणी नाही, तेल नाही, मेणबत्ती नाही. चिमट्याने धरायची आणि सरळ वर ओढायची. "तिला लस टोचलीय की" असंही म्हणू नकोस. ती लस मेंदूच्या तापाची, माझ्या रोगाची नाही.

तुझी,
येर्नेया


गावाकडून, १६ जून

येर्नेया, पोरी,

पाठव. यात विचारायचं काय? खोली झाडून ठेवली आहे, मांजराला दम देऊन ठेवला आहे. जंगलात नेणार नाही, शब्द दिला. पण जंगल माझ्या कुंपणाला टेकलंय, ते मी कुठे सरकवू?

चिमटा आणला. औषधाच्या दुकानातल्या पोरीने तो कसा वापरायचा हे मला समजावून सांगितलं, जशी काही मी काल जन्मले. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मी लोणीच लावलं असतं.

आता माझं कामाचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या बापाची अळंब्यांची जागा कुठे आहे हे मी मेले तरी विचारणार नाही. अजून मेले नाही, म्हणून विचारते.

हसू नकोस. विंको माझा पाठचा भाऊ. आयुष्यभर एका टेबलावर जेवलो, पण सप्टेंबर आला की स्वारी पहाटे गायब, आणि परत येणार ती टोपलीवर फडकं टाकून. एकदा मी मागे मागे गेले, तर शहाण्याने मला मुद्दाम दलदलीतून फिरवलं. माझा एक बूट अजून तिथे आहे. आमच्या आजोबांनी त्याला जागा सांगितली ती अगदी शेवटच्या आठवड्यात, अंथरुणावरून. त्यानेही तुला तशीच सांगितली, मला खोलीबाहेर काढून. मी दाराला कान लावून उभी होते, पण कान तेव्हाच गेलेले असावेत. गावात सगळ्यांचं असंच आहे म्हणा. घर लिहून देतील, गाय सोडून देतील, अळंब्यांची जागा मात्र मरतानाच तोंडातून निघते.

तू तिथे एकदाच गेलीस आणि हे दुखणं घेऊन आलीस, हे मला माहीत आहे. परत जायचं नसेल तर जाऊ नकोस. पण तू नाही गेलीस तर ती जागा आता कुणाचीच नाही, एवढंच मनात येतं.

तुझी म्हातारी,
स्लावका आत्या


गावाकडून, ९ जुलै

येर्नेया,

तुझी लेक मजेत आहे. पोस्टमन डार्कोचे कान तपासून झाले, कोंबड्यांच्या माना तपासून झाल्या. काल पाद्रीबाबा आले होते, त्यांना म्हणाली, "तुमचा झगा फार लांब आहे, आत काय शिरलं ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही." पाद्रीबाबा तेव्हापासून गवतातून न येता रस्त्याने येतात.

खाते भरपूर. पोतित्सातला अक्रोड कोरून कोरून खाते आणि पाव तसाच ठेवते, अगदी तुझ्यासारखी. रात्री माझ्या कुशीत झोपते आणि लाथा मारते.

जंगलात मी नेत नाही, पण मला नेता येणारच नाही, हेही तुला सांगते. ती स्वतःच जात नाही. कुंपणाच्या दारापर्यंत येते, जिथे कापलेलं गवत संपतं तिथे थांबते, आणि बुटाचं टोकसुद्धा पुढे टाकत नाही. काल तिचा चेंडू पलीकडे गेला. दोन हातांवर होता. रडली नाही, नुसती बघत उभी राहिली आणि म्हणाली, "राहू दे, तो आता जंगलाचा."

तुला गंमत सांगते. तिचा एक खेळ आहे, 'आई-आई'. बाहुलीला समोर बसवते, स्वतः बाकावर आडवी होते, डोळे मिटते आणि म्हणते, "आई आत्ता येते हं, दहा मिनिटं." तुझाच आवाज. मी हसून हसून बेजार झाले.

आणि ती म्हणाली की एकदा तू तिला बालवाडीतून आणायला विसरलीस. मला का नाही लिहिलंस?

स्लावका आत्या


लुब्लियाना, १४ जुलै

आत्या,

पत्र मिळालं. मी ठीक आहे. जमलं तर तिला आणखी एक आठवडा ठेवून घेशील का? अक्षराकडे बघू नकोस, आज मनगट सुजलंय.

येर्नेया


लुब्लियाना, १ ऑगस्ट

आत्या,

गाश्पर तिला घेऊन आला तेव्हा ती दारातून धावत आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. विचारलं, "आज कुठे दुखतंय?" म्हणजे कुठे मिठी मारायची नाही ते आधी माहीत असावं. मी म्हटलं, कुठेच नाही. खोटं होतं, पण ती मिठी मला हवी होती.

बालवाडीचं तुला सांगते. फेब्रुवारीत एका दुपारी मी सोफ्यावर जरा टेकले. जागी झाले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. पोचले तर शिक्षिका व्हेस्ना अंधाऱ्या वर्गात एका दिव्याखाली बसलेली, आणि टिंकारा तिच्या शेजारी बूट घालून, पाठीवर दप्तर घेऊन. मी माफी मागायला वाकले, तर माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "काही नाही आई, तू दमली होतीस." आत्या, सहा वर्षांच्या पोरीवर आईला माफ करायची पाळी येऊ नये. ती रडली असती, चिडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

त्या खेळाबद्दल तू लिहिलंस. तुला हसू आलं, तुझी चूक नाही. मी ती ओळ इतकी वाचली की कागद घडीवर फाटला. माझ्या मुलीच्या डोक्यात आई म्हणजे एक आडवं पडलेलं माणूस आहे.

म्हणून मी ठरवलंय. गाश्परशी अजून बोलले नाही, आधी तुला विचारते. सप्टेंबरमध्ये ती पहिलीत जाईल. तिला तुमच्या गावच्या शाळेत घाल. तिथे तू आहेस, कोंबड्या आहेत, वेळेवर उठणारं माणूस आहे. इथे तिने माझ्या अंथरुणाभोवती पावलं न वाजवता वाढावं असं मला वाटत नाही. मी सुट्टीला येत जाईन.

आणि बाबांची जागा मी तुला सांगते. तिला भीती वाटते ती माझ्यामुळे. तू तिला हात धरून तिथे ने, हळूहळू जाईल भीती. कागदावर लिहिणार नाही, डार्कोही अळंब्या वेचतो आणि पाकिटं उजेडात धरतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. तू इकडे ये, कानात सांगते. डाव्या कानाने अजून ऐकू येतं ना?

तुझी,
येर्नेया


गावाकडून, ८ ऑगस्ट

येर्नेया, बाळा,

सुखरूप पोचले. कोंबड्या जिवंत आहेत, शेजारच्या श्टेफकाने त्यांना इतकं खाऊ घातलंय की चालवत नाही त्यांना.

आता शांतपणे लिहिते, कारण तुझ्या घरी आपण दोघींनी एकमेकींचं काहीच ऐकलं नाही, आणि त्यात माझे कान हे एकच कारण नव्हतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वाल सोलत होते. टिंकाराला तुझ्याकडे ठेव, इथवर वाचलं तेव्हा भांडं घट्ट धरून बसून राहिले. पुढे 'बाबांची जागा मी तुला सांगते' वाचलं आणि वालाचं भांडं हातातून पडलं. पोरही देते आणि जागाही देते, एकाच पत्रात. आपल्या घरात माणूस जागा सांगतो म्हणजे त्याचे किती दिवस उरलेत, हे मी दोनदा बघितलंय. कोंबड्या श्टेफकाच्या गळ्यात मारल्या, मयतीला घालायचा काळा झगा पिशवीत कोंबला आणि मिळाली ती बस धरली. ड्रायव्हरने विचारलं, एवढ्या घाईने कुठे? मी म्हटलं, भाची गेली. त्याने टोपी काढली. मला खरंच तसं वाटलं होतं गं.

आणि तू दार उघडलंस, केसांत पीठ, हातात लाटणं. मी तिथेच जिन्यावर बसून रडायला लागले. तू विचारलंस, "कोण गेलं?" मी म्हटलं, "तू."

मग तू जे ओरडलीस ते चारही मजल्यांनी ऐकलं, आणि मीही. "मी मरत नाहीये, आत्या. मरायचं असतं तर लोक फुलं घेऊन आले असते, सगळ्यांना कळलं असतं काय करायचं ते. मला हे घेऊन म्हातारी व्हायचंय, आणि ते कसं करायचं हे मला कुणी सांगत नाही." मग तूही जिन्यावर बसलीस. टिंकारा आतून आली आणि तिने आपल्या दोघींचे कान तपासले.

 उत्तर मला बसमध्ये सुचलं, नेहमीसारखं उशिरा.

टिंकाराला मी ठेवून घेणार नाही. मला हवी आहे ती, देवाशपथ, माझं घर तीन आठवडे घर होतं. पण अशी नको. उन्हाळ्यात पाठव, नाताळात पाठव, तुझे वाईट दिवस असतील तेव्हा मला बोलाव, मी येईन आणि तुझ्या स्वयंपाकघरात तुला राग येईल अशा पद्धतीने भांडी लावीन. पण तिचं घर तेच.

आणि तो खेळ. मी तुला अर्धाच लिहिला होता, मला तेवढाच गमतीचा वाटला म्हणून. उरलेला ऐक. ती बाकावर पडते, दहा मिनिटं म्हणते, आणि मग उठते. दर वेळी उठते. केस मागे सारते, बाहुलीला म्हणते, "चला, आली आई," आणि तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगते, एका हाताने, कारण दुसरा हात दुखतोय असं दाखवायचं असतं. तीन आठवड्यांत तिची आई बाकावरून उठली नाही असं एकदाही झालं नाही. तुझ्या मुलीच्या डोक्यात काय आहे ते हे आहे. तू पडलेली असतेस ते तू बघतेस. ती तुला उठताना बघते.

जागा मला सांगू नकोस. मला ती आयुष्यभर हवी होती, अजून हवी आहे, खोटं कशाला बोलू. पण माझ्याकडून तिला कळली तर ती माझी जागा होईल. तू सांग तिला. आणि मरायची वाट बघू नकोस, आत्ताच सांग. आपल्या लोकांनी शेवटच्या श्वासापर्यंत तोंड मिटून काय मिळवलं? सांगणारा डोळे मिटतो, आणि ऐकणाऱ्याची वाट चुकली तर विचारायचं कुणाला? विंकोने तुला धापा टाकत काय सांगितलं असेल देव जाणे. तूच म्हणाली होतीस, अर्धा दिवस नेच्यात गुडघाभर भटकलीस तेव्हा सापडली. शेजारी उभं राहून दाखवली असती तर वाटेवरून गेली असतीस, नेच्यात शिरली नसतीस. मेलेल्या भावावर मी रागावत नाही. पण रागावले असते तर याच गोष्टीवर.

स्लावका आत्या

काळा झगा तुझ्या कपाटात राहिला. राहू दे तिथेच. मला तो इतक्यात लागायला नको.


लुब्लियाना, २७ ऑगस्ट

लाडक्या आत्याला,

तुला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण आधी मी तुझ्यावर चिडले होते, मग मला ताप होता, आणि मग मी टिंकाराला खेळताना पाहिलं. दाराआडून. उठते गं ती. कमरेवर हात ठेवून उठते, हुबेहूब माझ्यासारखी, "आई गं" म्हणत.

शाळा इथलीच. गाश्परशी बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मला न विचारता माझी मुलगी वाटून टाकत होतीस?" मग खूप वेळ भांडी घासत राहिला. मी त्याला घासू दिली. आता तो सोमवारऐवजी मंगळवारी निघता येईल का ते बघतोय.

सकाळी शेजारच्या मोइत्साबाई आपल्या नातवाबरोबर टिंकारालाही शाळेत सोडतील. मला विचारायला लाज वाटत होती, जिन्यात तीनदा खाली-वर केलं, माझ्या गुडघ्यांनी. शेवटी विचारलं तर म्हणाल्या, "मी तीन वर्षं वाट बघतेय, ही बाई कधी तोंड उघडते म्हणून." दुपारी आणायला मी जाते आणि उशाशी दोन गजराची घड्याळं ठेवते.

जागेचं तू म्हणतेस ते पटलं. पण मी तिथवर चालू शकणार नाही, आणि तू उचलून नेऊ शकणार नाहीस. मारियेच्या चॅपेलपर्यंत गाडीरस्ता आहे. पुढचं पुढे बघू. तुमच्या गावातल्या स्तानेचा ट्रॅक्टर अजून चालतो का?

येर्नेया


गावाकडून, १९ सप्टेंबर

येर्नेया,

चालतो. आवाज असा करतो की मलाही ऐकू येतो.

पाऊस झाला, आता ऊन पडलंय, श्टेफका सकाळपासून दोनदा "सहज फिरायला" जाऊन आली, टोपली घेऊन. या शनिवारी या. स्तानेने ट्रॉलीत त्याच्या आईची जुनी आरामखुर्ची दोरीने बांधली आहे. मी तिच्यावर दोन रजया घातल्यात. गावात तू बिशपसारखी जाणार आहेस.

टिंकाराला पांढरी पँट घाल, मोज्यात खोचून. पांढऱ्यावर दिसतात. तुलाही तसंच. मीही घालीन, श्टेफका हसली तरी. चिमटा माझ्याकडे आहे.

मी चॅपेलपाशी थांबेन, तुमच्याकडे पाठ करून, डोक्यावर एप्रन घेऊन. स्तानेलाही तसंच बसवते. वचन देते. ओढ्याच्या उजवीकडे आहे की डावीकडे एवढं सांगितलंस तरी पुरे, पण ते नंतर.

स्लावका आत्या


लुब्लियाना, १ ऑक्टोबर

लाडक्या आत्याला,

चार दिवस अंथरुणात काढले, आज पेन धरवतंय. त्या शनिवारची किंमत आहे ही, आणि मी ती परत देईन.

तू खरंच एप्रनखालून बघितलं नाहीस. मी वळून वळून पाहत होते. स्ताने मात्र घोरत होता. म्हणून तुला पलीकडचं सांगते, जागा सोडून.

चॅपेलमागे गवत संपलं तिथे टिंकारा थांबली. बूट जुळवून, हात छातीशी. मी तिच्या शेजारी थांबले. तिला 'घाबरू नकोस' म्हणणार होते, पण मीही घाबरले होते आत्या, तीन वर्षांत जंगलाच्या त्या वासात पाय टाकला नव्हता. म्हणून खरं ते सांगितलं. म्हटलं, मलाही भीती वाटते. ती म्हणाली, "मग माझा हात धर." आणि पाऊल तिनेच आधी टाकलं.

थोडं चाललो. मधूनमधून मी झाडांना टेकत होते, आणि ती त्या झाडांची खोडं तपासत होती. एका पडलेल्या बीचच्या झाडापाशी गुडघे संपले. अजून एक वळण बाकी होतं. मी खोडावर बसले आणि तिला कानात सांगितलं: पुढे काय दिसेल, कुठे वळायचं, कुठे वाकून बघायचं. मी म्हटलं, इथूनच परत फिरलो तरी चालेल, जागा तुला कळली. ती म्हणाली, "नाही, बघायची आहे." मी म्हटलं, मग गाणं म्हणत जा, म्हणजे तू कुठे आहेस ते मला कळेल.

गेली गं. एकटी. शाळेत शिकवलेलं गाणं म्हणत, पहिलं कडवं पुन्हा पुन्हा, कारण दुसरं येत नाही. वळणावर गाणं थांबलं. मग एकदम ओरडली, "आई, इथे त्यांचं सगळं कुटुंब आहे."

तुम्ही टोपलीत जे पाहिलंत ते तिने आणलेलं होतं. तिच्या डोक्याएवढं मोठं होतं ते मात्र तिने तिथेच सोडलं. म्हणाली, ते आजोबा आहेत.

परत येताना तिने विचारलं, "आत्याआजी म्हणते, जागा मरताना सांगतात. मग तू मरणार?" मी म्हटलं, नाही, नियम बदलला आहे. आता जो सांगतो त्याने पुढच्या वर्षी बरोबर येऊन बघायचं, ऐकणाऱ्याला आठवतंय की नाही. आठवेपर्यंत येत राहायचं. तिने विचार केला आणि म्हणाली, हा नियम बरा आहे.

रात्री तिने मला तपासलं. टॉर्च घेऊन, कानामागे, मानेवर, गुडघ्यांच्या मागे, सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून. किती तरी दिवसांत इतक्या मायेने कुणी मला हात लावला नव्हता. डॉक्टर लावतात, पण ते काहीतरी शोधत असतात. काही सापडलं नाही तेव्हा तिने माझ्या पोटरीवर थाप मारली आणि म्हणाली, "छान. झोप आता."

तुझी,
येर्नेया

ओढ्याचं काही सांगत नाही. माझ्याकडे काय विचारतेस? जागा आता तिची आहे, तिला विचार.


लुब्लियाना, १८ ऑक्टोबर

आत्याआजी,

हे मी सांगते आहे आणि बाबा लिहीत आहेत, कारण मला अजून सगळी अक्षरं येत नाहीत. मी बाबांना सांगितलंय की काही बदलायचं नाही आणि आईला दाखवायचं नाही.

आई झोपली आहे. ती उठणार आहे. मग आम्ही भोपळ्याचं सूप करणार आहोत, मी ढवळणार.

तू मला पत्र पाठवलंस आणि विचारलंस की जागा ओढ्याच्या उजवीकडे आहे की डावीकडे. मी नाही सांगणार. बाबांनापण नाही सांगितलं. त्यांनी मला चॉकलेट दाखवलं. मी चॉकलेट घेतलं आणि नाही सांगितलं. बाबा म्हणतात मी अगदी आजोबांसारखी आहे.

शाळेत बाईंनी विचारलं, तुमच्या आया काय करतात? लूकाची आई दात काढते. मी म्हटलं, माझी आई झोपते, मग उठते, आणि तिला जागा माहीत आहे. सगळ्यांनी विचारलं कुठली जागा. मी नाही सांगितलं.

माझा चेंडू अजून तुझ्या कुंपणापलीकडे आहे का? मी आले की आणेन. तू आणू नकोस.

आता एक गुपित आहे. आई कधी कधी विचारते, वाट आठवते का? मला सगळी आठवते. आधी चॅपेल, मग पडलेलं झाड, मग... बाबा, हे लिहू नका. पण मी आईला सांगते की शेवटचं वळण मला आठवत नाही. मग आई म्हणते, "मग पुढच्या वर्षी मला परत यावं लागेल." मी म्हणते, "हो, यावं लागेल."

दर वर्षी मी ते वळण विसरणार आहे. तू आईला सांगू नकोस.

टिंकारा